भुईआवळीचे ५९ टक्के: वनस्पती, विषाणू आणि औषध

१९८८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध आला. मद्रासमधले संशोधक आणि अमेरिकेतले डॉ. बरूक ब्लमबर्ग यांनी मिळून केलेलं ते काम होतं. ब्लमबर्ग यांच्याच कामातून हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू सापडला होता आणि त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं होतं. या मंडळींनी हिपॅटायटिस बीच्या वाहकांना भुईआवळीचं औषध ३० दिवस दिलं. वाहक म्हणजे अशी माणसं, जी वरवर धडधाकट दिसतात, पण विषाणू त्यांच्या यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो. औषध थांबल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्यांचं रक्त तपासलं. भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तात विषाणूची ठळक खूण, म्हणजे त्याच्या आवरणाचं प्रथिन, सापडेना. ५९ टक्के! ज्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली होती, अशा २३ जणांपैकी फक्त एकाच्या रक्तातून ती खूण गेली.

हा आकडा किती मोठा होता ते सांगतो. उपचार न घेता ही खूण आपोआप नाहीशी होण्याचं प्रमाण वाहकांमध्ये वर्षाला साधारण शंभरात एक असं असतं. आणि इथे महिनाभरात निम्म्याहून जास्त. कावीळ म्हटली की भुईआवळी, हे परंपरेने कधीचं सांगितलं होतं. आता नोबेलविजेत्याने त्यावर शिक्का मारला, असंच वाचणाऱ्यांना वाटलं.

मग इतर ठिकाणच्या डॉक्टरांनी तीच वनस्पती आपापल्या रुग्णांना देऊन पाहिली. आणि तो आकडा पुन्हा आला नाही. काही चाचण्यांत भुईआवळी आणि प्लासिबो यांच्यात फरकच दिसला नाही. २०११ मध्ये कोक्रेन या संस्थेने तोवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा निष्कर्ष निघाला की प्लासिबोपेक्षा ती सरस असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

मग भुईआवळी थोतांड आहे का? की नंतरच्या लोकांनी मुद्दाम दुर्लक्ष केलं? समाजमाध्यमांवर या दोनच बाजू भांडताना दिसतात, आणि मला दोन्हींचा मनापासून त्रास होतो. एका बाजूला ‘निसर्गात सगळं आहे’, दुसऱ्या बाजूला ‘हे सगळं पाला-पाचोळा आहे’. वनस्पतींपासून विषाणूंवरचं औषध मिळण्याची शक्यता खरी आहे. पण ‘गुणकारी दिसली’ आणि ‘औषध ठरली’ यांच्यामध्ये मोठं अंतर आहे. ते अंतर कशाचं बनलेलं आहे हे एकदा समजलं, की पुढची प्रत्येक बातमी आपल्याला स्वतःला जोखता येते.

विषाणू मारणं इतकं अवघड का

जिवाणूचा स्वतःचा संसार असतो. त्याची भिंत वेगळी, प्रथिनं बनवायची यंत्रं वेगळी. पेनिसिलिन त्या भिंतीवर घाव घालतं. आपल्या पेशींना तशी भिंतच नसल्याने त्या बचावतात. विषाणूचं तसं नाही. जनुकीय मजकुराचा एक धागा, त्याभोवती प्रथिनांचं कवच, आणि काही विषाणूंना वरून चरबीचं पातळ वेष्टण. बस, एवढाच त्याचा पसारा. ना स्वयंपाकघर, ना कारखाना. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच यंत्रांवर आपल्या प्रती छापून घेतो. कारखाना बंद करायचा म्हटलं तर तो आपलाच कारखाना आहे.

म्हणून विषाणूविरोधी औषधाला अशी जागा शोधावी लागते जी फक्त विषाणूची आहे. पेशीच्या पृष्ठभागाला चिकटणं, आत शिरणं, कवच उतरवणं, प्रती काढणं, नवे विषाणू जुळवणं आणि बाहेर पडणं, या प्रवासात अशा मोजक्याच जागा सापडतात. उदाहरण फ्लूचं घ्या. फ्लूचे नवे विषाणू पेशीतून बाहेर आले तरी तिच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या धाग्यांना चिकटून राहतात. ते धागे कापायला विषाणूकडे स्वतःची एक कात्री आहे, न्यूरामिनिडेझ नावाचं विकर (एन्झाइम). ओसेल्टामिविर हे औषध त्या कात्रीच्या पात्यांत अडकून बसतं. कात्री चालली नाही की विषाणू दारातच अडकतात.

पण वनस्पतीत असं काही मिळेल, अशी आशा तरी का धरायची? कारण वनस्पतीला पळता येत नाही. कीड आली, बुरशी आली, त्यांचे स्वतःचे विषाणू आले, तरी जागेवर उभं राहूनच लढायचं. आपल्यासारख्या रक्तातून गस्त घालणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं त्यांच्याकडे नाहीत. त्यामुळे त्यांनी रसायनशास्त्र कमावलं आहे. टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, अल्कलॉइड, टर्पीन, अशा हजारो रेणूंची त्यांची शस्त्रं आहेत. ती आपल्यासाठी बनवलेली नाहीत, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं. त्यामुळे वनस्पतीत औषध असलंच पाहिजे असं ठरत नाही. शोधायला ती चांगली जागा आहे, एवढं नक्की ठरतं.

परंपरेच्या साक्षीबद्दलही असंच जपून बोलायला हवं. जुन्या वैद्यांना विषाणू दिसत नव्हता, लक्षणं दिसत होती. डोळे पिवळे झाले की कावीळ. पण कावीळ हिपॅटायटिस ए मुळे होते, बी मुळे होते, दारूने होते, पित्ताच्या खड्याने होते. त्यातली हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जी वनस्पती दिली जाईल, तिला यश मिळणारच. वैद्य खोटं बोलत नव्हता, त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. फक्त वनस्पती दिली नसती तर काय झालं असतं, हे पाहायची सोय त्याच्यापाशी नव्हती.

याच्या उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. मलेरियाचा जंतू विषाणू नव्हे, तरी ही गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. १९६७ मध्ये चीनने मलेरियाचं औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू केली आणि पुढे तिच्यातल्या संशोधक तू यूयू यांचा चमू जुने ग्रंथ चाळू लागला. छिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका नोंदीत लिहिलं होतं की मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या. त्यात उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने औषधी रेणू मोडत असावा, हे तू यूयू यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ मध्ये जो अर्क हाती आला, तो उंदरांमधल्या मलेरियावर पूर्ण चालला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध मिळालं आणि २०१५ मध्ये नोबेल. परंपरेचा मान राखणं म्हणजे काय, ते मला या गोष्टीत दिसतं. त्यांनी ती नोंद शब्दन् शब्द वाचली, आणि मग तिच्यावर डोळे मिटून विश्वास न ठेवता तपासली.

बशीतलं यश

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने विषाणू नष्ट’ अशी बातमी येते, तेव्हा प्रयोगशाळेत नेमकं काय घडलेलं असतं ते जवळून पाहू.

प्लास्टिकच्या एका चपट्या थाळीत सहा वाट्या असतात. प्रत्येक वाटीच्या तळाशी जिवंत पेशींचा गालिचा वाढवलेला असतो, एका पेशीच्या जाडीचा, इतका पातळ की नुसत्या डोळ्यांना वाटी रिकामीच दिसते. त्यावर विषाणू सोडतात आणि वरून जेलीसारखा थर ओततात, म्हणजे विषाणू तरंगत लांब जाऊ शकत नाही, फक्त शेजारच्या पेशीत घुसू शकतो. दोन-तीन दिवसांनी जेली काढून जांभळा रंग ओततात आणि धुतात. जिवंत पेशी जांभळ्या होतात. जिथे विषाणूने पेशी मारल्या, तिथे पांढरी गोल भोकं दिसतात, वाळवीने खाल्लेल्या कापडासारखी. ती भोकं मोजायची. साध्या वाटीत ऐंशी भोकं आणि अर्क घातलेल्या वाटीत पाच निघाली, तर कुणालाही आनंद होईल.

आणि इथूनच शंका सुरू व्हायला हव्यात.

पहिली शंका: अर्काने विषाणूला रोखलं की पेशींनाच आजारी पाडलं? मरणपंथाला लागलेल्या पेशीत विषाणूलाही वाढता येत नाही. म्हणून दोन मात्रा मोजतात, विषाणू निम्म्यावर आणणारी आणि पेशी निम्म्या मारणारी. या दोहोंमध्ये जितकं अंतर जास्त, तितकी आशा जास्त. दोन्ही जवळजवळ असतील तर ते औषध नसून विष आहे. बातमीत हा दुसरा आकडा जवळपास कधीच नसतो.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. कच्चं फळ चावलं की तोंड तुरट होऊन जीभ कोरडी पडते ना? ते टॅनिनचं काम. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा गोळा करतं. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, त्याला निवड नसते. विषाणूचं कवच प्रथिनाचं, म्हणून बशीत टॅनिनवाला अर्क ओतला की फ्लू, नागीण, कोरोना, जे समोर येईल ते थंडावतं. पण तोच अर्क प्यायला तर टॅनिन अन्नातल्या आणि आतड्यातल्या प्रथिनांना चिकटून बसतं आणि रक्तापर्यंत फारसं पोचतच नाही. एकच अर्क सगळ्याच विषाणूंवर चालतो असं दिसलं, तर चमत्कार म्हणण्याआधी टॅनिन काढून टाकून तोच प्रयोग पुन्हा करावा.

हळदीतल्या कुरकुमिनचं दुखणंही याच जातीचं. प्रयोगशाळेत ते जवळपास प्रत्येक चाचणीत गुणकारी दिसतं. याचं एक कारण म्हणजे ते अनेक प्रथिनांशी वाटेल तसं जुळतं आणि चाचणीत मोजला जाणारा प्रकाश स्वतःच शोषतं किंवा सोडतं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर आढावा घेतला. कुरकुमिन द्रावणात लवकर मोडतं, रक्तात फारच थोडं पोचतं, आणि १२० हून जास्त चाचण्या होऊनही प्लासिबोशी तुलना केलेल्या काटेकोर चाचणीत त्याला यश मिळालेलं नाही, असं त्यात मांडलं होतं.

किती, आणि कुठे पोचतं

ज्येष्ठमधाचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्यात गणित करून पाहता येतं. २००३ मध्ये सार्सची साथ पसरली तेव्हा फ्रँकफर्टच्या संशोधकांनी ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन सार्सच्या विषाणूवर वापरून पाहिलं. त्यांचं काम चोख होतं. विषाणू निम्म्यावर आणायला लिटरमागे ३०० मिलिग्रॅम लागले आणि पेशी मरायला लिटरमागे २०,००० मिलिग्रॅम देऊनही कमी पडले. म्हणजे अंतर सदुसष्टपटीहून जास्त. वरची पहिली शंका इथे फिटली.

आता माणसाकडे येऊ. आपल्या रक्तातला द्रव भाग साधारण तीन लिटर असतो. त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम ठेवायचे, तर एका वेळी सुमारे ९०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन नुसत्या रक्तात हवं, आणि तेही तसंच टिकून राहायला हवं. पण तोंडाने घेतलेलं ग्लिसरायझिन आतड्यातले जिवाणू मोडून टाकतात. मूळ रूपात त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. आणि रोजच्या सेवनासाठी युरोपीय तज्ज्ञ समितीने सुचवलेली मर्यादा आहे १०० मिलिग्रॅम. त्याहून जास्त बरेच दिवस घेतलं तर शरीरात मीठ-पाणी साचतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घसा खवखवतो म्हणून ज्येष्ठमधाची काडी चघळली तर बिघडत काही नाही. पण ‘ज्येष्ठमध सार्सच्या विषाणूला मारतो’ हे वाक्य खरं असलं, तरी तेवढ्यावरून भांडंभर काढा पिणाऱ्याचं नुकसानच होईल.

मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीची कथा याहून बोलकी आहे. तिच्यातल्या सिलिबिनिनचं एक रूप शिरेतून दिलं, तेव्हा हिपॅटायटिस सीच्या रुग्णांच्या रक्तातला विषाणू खरोखरच घटला. म्हणजे रेणूत दम होता. पण तोंडाने घ्यायच्या मिल्क थिसलची १५४ रुग्णांवर प्लासिबोशी तुलना झाली आणि २०१२ मध्ये निकाल आला. नेहमीपेक्षा कितीतरी मोठी मात्रा देऊनही फरक नव्हता. वनस्पती तीच होती, फक्त वाट बदलली होती.

आणि म्हणूनच वनस्पतींना विषाणूजन्य आजारांत जे ठोस यश मिळालंय, ते बरंचसं त्वचेवर मिळालंय. एचपीव्ही या विषाणूमुळे जननेंद्रियांवर चामखीळ येतात. त्यावर हिरव्या चहाच्या पानांच्या अर्कापासून बनवलेलं मलम अमेरिकेच्या औषध नियामकाने २००६ मध्ये मंजूर केलं. तिथे वनस्पतिजन्य औषधांच्या वर्गात मंजूर झालेलं ते पहिलं औषध. त्याच चामखिळींवर पोडोफायलम या पहाडी वनस्पतीतलं पोडोफायलोटॉक्सिनही वापरलं जातं. पण ते विषाणूला हातच लावत नाही. चामखिळीच्या पेशींचं विभाजन रोखून तिलाच संपवतं. तेच पोटात गेलं तर विष आहे. त्वचेवर औषध जिथे लावलं तिथेच राहतं, आतडं आणि यकृत यांच्या तपासणीतून त्याला जावं लागत नाही. या यशाचं मर्म मला यातच दिसतं.

चक्रीफुलापासून टॅमीफ्लूपर्यंत

ओसेल्टामिविर, ज्याला लोक टॅमीफ्लू म्हणून ओळखतात, त्याचं मूळ चक्रीफुलात आहे असं नेहमी सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. चक्रीफुलात शिकिमिक आम्ल भरपूर असतं. या आम्लाचं कडं औषधाच्या सांगाड्याला सोयीचं पडतं, म्हणून कारखान्यात ते कच्चा माल म्हणून घेतात आणि एकामागून एक रासायनिक पायऱ्या चढत त्यातून अगदी वेगळा रेणू घडवतात. शिकिमिक आम्ल फ्लूची ती कात्री अडवत नाही. चक्रीफुलाचा चहा पिऊन फ्लू बरा होत नाही. २००५ च्या सुमारास बर्ड फ्लूच्या भीतीने टॅमीफ्लूची मागणी वाढली तेव्हा चक्रीफूल कमी पडू लागलं, आणि मग जनुकं बदललेल्या जिवाणूंकडून हेच आम्ल आंबवून काढण्याकडे उत्पादक वळले. वनस्पतीने विटा दिल्या, घर रसायनशास्त्रज्ञांनी बांधलं.

यात एक धोका आहे. खाण्याच्या चक्रीफुलाचा एक जपानी भाऊबंद दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण विषारी. त्याने झटके येतात. २००३ मध्ये चक्रीफुलाचा चहा पाजलेल्या काही तान्ह्या बाळांना झटके आले तेव्हा अमेरिकेच्या नियामकाला तो चहा पिऊ नका असं जाहीर सांगावं लागलं. संशय या विषारी जातीच्या भेसळीवर होता.

५७ चिठ्ठ्या

समजा, रेणू चांगला आहे, रक्तात पोचतोय, विष नाही. तरी शेवटचा प्रश्न उरतोच: माणसं बरी होतात का, आणि ती एरवीही झाली असती का?

कोरोनाच्या साथीत थायलंडने कालमेघ ही कडू वनस्पती सौम्य रुग्णांना द्यायला परवानगी दिली. ५७ रुग्णांची एक चाचणी झाली. कालमेघ घेतलेल्या २९ जणांपैकी कुणालाच न्यूमोनिया झाला नाही, प्लासिबोवाल्या २८ पैकी तिघांना झाला. शून्य विरुद्ध तीन, ऐकायला जोरदार वाटतं. पण ५७ चिठ्ठ्या घ्या, तिघींवर फुली मारा, सगळ्या कालवा आणि न बघता २८ आणि २९ अशा दोन ढीग करा. तिन्ही फुल्या २८ च्या ढिगात पडायची शक्यता किती? शंभरात सुमारे अकरा. म्हणजे कालमेघात काहीही दम नसला, तरी नऊ वेळांतून एकदा नुसत्या नशिबाने हाच निकाल आला असता. मूळ हिशोबात ही शक्यता शंभरात चारपेक्षा कमी दाखवली होती. ती चूक लक्षात आली आणि निबंध मागे घेतला गेला. कालमेघ निरुपयोगी आहे हे यातून सिद्ध होत नाही. ५७ माणसांत ते कळणं शक्यच नव्हतं, एवढंच.

आता भुईआवळीकडे परत या. ३७ पैकी २२ विरुद्ध २३ पैकी एक, हा फरक चिठ्ठ्यांच्या खेळाने येण्याइतका लहान नाही. मग तो नंतर का आला नाही? एक शक्यता वनस्पतीच्या ओळखीची आहे. भुईआवळीच्या वंशात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत, आणि त्यांची नावं कित्येक वर्षं एकमेकींच्या जागी वापरली गेली. त्यातही माती, हंगाम, पान की मूळ, वाळवलं कसं, यांवर आतली रसायनं बदलतात. गोळीत ५० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ५० असतात. रोपटं असं वचन देत नाही. दुसरी शक्यता चाचणीच्याच घडणीची आहे. लहान, सुरुवातीची चाचणी, आणि शेवटी मोजलेले दोन गट ३७ आणि २३ असे असमान. अशा चाचण्यांचे भव्य आकडे मोठ्या चाचण्यांत बहुधा ओसरतात, मग औषध वनस्पतीचं असो वा कारखान्यातलं. त्या संशोधकांनीही आपल्या कामाला प्राथमिकच म्हटलं होतं. हिपॅटायटिस बी रोखणारी लस आज आहे, आणि विषाणू दाबून ठेवणाऱ्या टेनोफोविर, एंटेकाविर या गोळ्या आहेत. वाहकाने त्या सोडून भुईआवळीवर विसंबणं यकृताच्या जिवावर बेतू शकतं, हे मी आग्रहाने सांगेन.

‘निदान अपाय तरी नाही’

हे वाक्य ऐकलं की मला सेंट जॉन्स वर्ट आठवते. पिवळ्या फुलांची ही वनस्पती उदासीनतेवर घेतली जाते, आणि तिच्यातल्या हायपेरिसिनकडून एचआयव्हीवरही आशा होती. २००० मध्ये आठ निरोगी लोकांना इंडिनाविर हे एचआयव्हीचं औषध आणि सोबत सेंट जॉन्स वर्ट दिली. रक्तातलं इंडिनाविर सरासरी ५७ टक्क्यांनी घसरलं. ही वनस्पती यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालू करते. एचआयव्हीच्या रुग्णाने डॉक्टरांना न सांगता ती घेतली, तर औषध अपुरं पडेल, विषाणू डोकं वर काढेल आणि त्या औषधाला दाद न देणारा होऊन बसेल.

बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी नामसाधर्म्याने ॲरिस्टोलोकिया पडली आणि शंभराच्या आसपास स्त्रियांचे मूत्रपिंड गेले. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतीय यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीबद्दल आक्षेप घेतला. पुन्हा तोच प्रश्न: पुडीत नेमकं काय होतं? ज्या वनस्पतीत विषाणू रोखायची ताकद असेल, तिच्यात आपल्या पेशींवर परिणाम करायचीही ताकद असणार. तुम्ही कुठलाही काढा किंवा चूर्ण नियमित घेत असाल तर ते डॉक्टरांना नावानिशी सांगा, विशेषतः यकृत, मूत्रपिंड, रक्तदाब किंवा एचआयव्हीचं औषध चालू असेल तर.

झाड परत सापडेल का

सामोआ बेटांवरचे वैद्य मामाला नावाच्या झाडाची साल हिपॅटायटिसवर देत. पॉल ॲलन कॉक्स या वनस्पती-अभ्यासकाने त्यांच्याकडून ते शिकून घेतलं आणि नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवले. त्यातून मिळालेल्या प्रोस्ट्रॅटिनने भलतीच गंमत केली. एचआयव्ही काही पेशींत झोपून राहतो आणि झोपलेल्या विषाणूवर औषधं चालत नाहीत. प्रोस्ट्रॅटिन त्याला जागं करतं, म्हणजे तो औषधांच्या माऱ्यात येतो. वैद्यांनी दिलेला धागा खरा होता, पण तो पोचला तिसऱ्याच ठिकाणी. २००१ मध्ये यातून होणाऱ्या कमाईचा वाटा सामोआला देण्याचा करार झाला, आणि मला ही गोष्ट रेणूइतकीच मोलाची वाटते. ज्यांनी ओळख करून दिली, त्यांचं नाव हिशोबात राहिलं. औषध मात्र अजून बाजारात आलेलं नाही.

त्याच कर्करोग संस्थेसाठी १९८७ मध्ये बोर्निओतल्या सारावाकच्या जंगलातून एका झाडाच्या फांद्या-पानं गोळा केली होती. त्या अर्काने बशीत एचआयव्हीला चोख रोखलं. जास्त माल हवा म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ पुन्हा त्या जागी गेले, तर झाड तोडलेलं होतं. त्याच जातीची आजूबाजूची झाडं आणून तपासली, त्यांत तो गुण आढळेना. शेवटी सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात जपलेल्या जुन्या झाडांमध्ये कॅलानोलाइड ए हा रेणू पुन्हा मिळाला. पुढे तो प्रयोगशाळेत बनवताही आला आणि माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत गेला. त्यापुढे गेला नाही. सारावाकच्या सरकारने मात्र त्यानंतर त्या झाडाचे सोयरे तोडायला आणि परवानगीविना राज्याबाहेर न्यायला बंदी घातली.